सायलेन्सर फुटलाय, मग अख्खा एक्झॉस्टच बदलावा का?

प्रश्न: माझी पेट्रोल फोर बाय फोर २२ वर्षांची आहे, इंजिन टर्बो नसलेलं. सायलेन्सर गंजून फुटलाय. गॅरेजवाले म्हणतात, एवढं खोलतोच आहोत तर हेडरपासून (इंजिनमधून धूर बाहेर घेणाऱ्या पहिल्या नळ्यांपासून) मागच्या टोकापर्यंत सगळं स्टेनलेसचं आणि मोठ्या पाइपचं करून घ्या; ताकद वाढेल, मायलेज सुधारेल, विकताना पैसेही वसूल होतील. खर्च माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा आहे. त्याच्या निम्मा बोनस हातात आलाय, उरलेले क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर टाकावेत असं मनात आहे. अडीअडचणीसाठी दोन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक आहे. गाडी अजून सहा-सात वर्षं तरी वापरायची आहे. करू का?

उत्तर: सगळं एकदम करू नका. फुटलेला भाग आत्ताच बदला, चांगल्या मालाचा बदला, आणि तो बोनसमधून बदला. हेडर आणि मोठा पाइप नंतर बघू. कार्ड मात्र खिशातच राहू द्या.

तुमच्या अंदाजपत्रकात दोन वेगळे खर्च एकत्र आलेत. एक दुरुस्ती, दुसरी हौस. दुरुस्ती टाळण्यासारखी नाही. गळक्या एक्झॉस्टमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. जुन्या गाडीत दारांची रबरं कडक झालेली असतात, फ्लोअरच्या पत्र्यालाही कुठे कुठे भोकं पडलेली असतात, आणि हा वायू तिथून आत शिरतो. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ इथे चालणार नाही. हौसेला मात्र कसलीच घाई नाही. आणि हौस करायला माझी काही हरकतही नाही, फक्त तिला ‘बचत’ किंवा ‘गुंतवणूक’ म्हणून माझ्याकडून सही मिळणार नाही.

गॅरेजवाल्यांचे तीन दावे पाहू. पहिला, मायलेज. समजा, खरोखरच तीन टक्के सुधारलं (एवढंही मिळेल याची खात्री कुणी देणार नाही), आणि हेडर-मोठ्या पाइपचा जादा खर्च तुमच्या वर्षभराच्या पेट्रोलच्या निम्मा आहे. तर तो वसूल व्हायला साधारण १७ वर्षं लागतील. तोवर गाडी ३९ वर्षांची झालेली असेल. हा दावा इथेच संपला.

दुसरा, ताकद. टर्बो डिझेल असतं तर मी जरा थांबून विचार केला असता, कारण टर्बोनंतरचा मोकळा पाइप तिथे खरंच कामाला येतो. तुमच्या इंजिनात कॅटालिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, थोडक्यात ‘कॅट’) मागचा पाइप बदलून फार तर काही टक्के मिळतात, तेही वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन वेगाने फिरत असताना. खडकावर, चिखलात तुम्ही गाडी खालच्या आरपीएमला चालवता. पाइप गरजेपेक्षा जाड झाला की वायूंचा वेग मंदावतो आणि नेमका तिथलाच जोर कमी होऊ शकतो. म्हणजे पैसे मोजून उलटाच परिणाम पदरात पडायचा. शिवाय मोठ्या पाइपचा घुमणारा आवाज लांबच्या प्रवासात तासन्‌तास डोक्यात बसतो. त्याला वैतागून लोक पुन्हा जुना सायलेन्सर लावून घेतात, आणि मजुरी दोनदा भरतात.

तिसरा, पुनर्विक्री. जुन्या फोर बाय फोरचा जाणता गिऱ्हाईक आधी गाडीखाली वाकून चॅसी गंजलीय का ते बघतो, मग सर्व्हिसच्या पावत्या मागतो. दुसऱ्याच्या आवडीचा आवाज विकत घ्यायला फारसं कुणी जादा पैसे देत नाही. मूळ सुटे भाग जपून ठेवले असतील तर त्याला जास्त किंमत मिळते.

एका मुद्द्यावर मात्र मी गॅरेजवाल्यांच्या बाजूने आहे, तो म्हणजे स्टेनलेस. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, एक लीटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लीटर. एक्झॉस्ट नीट तापला तर ते वाफ होऊन निघून जातं. पण सुट्टीलाच बाहेर पडणारी आणि एरवी चार-दोन किलोमीटर फिरून परत उभी राहणारी गाडी पुरती तापतच नाही. ते पाणी सायलेन्सरच्या तळाशी साचतं आणि तो आतून कुजत जातो. बाहेरून पत्रा धड दिसतो आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवला की आरपार जातो.

म्हणून इथे हिशेब वर्षाला किती पडतं असा करायचा. समजा, साधा पत्रा तीन वर्षं टिकला आणि दुप्पट किमतीचं स्टेनलेस तुमची सात वर्षं काढून गेलं. साध्याचे तीन सेट आणि तीनदा मजुरी होते; स्टेनलेसची एकदाच. सात वर्षं गाडी ठेवणार असाल तर महाग मालच स्वस्त. दोन वर्षांत विकणार असता तर साधाच घ्या म्हटलं असतं. नुसत्या ‘स्टेनलेस’ शब्दावर जाऊ नका, ग्रेड लिहून घ्या. ४०९ ग्रेडला वरून तांबूस गंज धरतो, तरी ते साध्या पत्र्यापेक्षा बरंच टिकतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते जास्त टिकतं आणि महागही पडतं. दोन्हींचे दर वेगवेगळे मागा.

पण त्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधून घ्या. सकाळी थंड इंजिन सुरू करून बॉनेटजवळ कान द्या. टिकटिक ऐकू येते आणि इंजिन तापलं की कमी होते, असं असेल तर मॅनिफोल्डचं (इंजिनला जोडलेल्या, धूर गोळा करणाऱ्या मूळ भागाचं; हेडर याच्याच जागी बसतो) गॅस्केट, म्हणजे जोडातली सीलबंद चकती, किंवा खुद्द मॅनिफोल्ड संशयित आहे. जीपच्या जुन्या चार लीटर, सहा सिलिंडरच्या इंजिनांचे मॅनिफोल्ड तडकतात हे त्या गाड्या सांभाळणाऱ्यांना तोंडपाठ असतं. जोडाशी काजळीचा काळा फराटा दिसला तर शंकाच नको. यात पैशांचाही प्रश्न आहे: ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाच्या) आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं आणि इंजिनचा कंप्युटर ते वाढवतो. तुमचं मायलेज घसरलं असेल तर ते एका गॅस्केटनेही परत येईल.

‘कॅट काढून सरळ पाइप टाकू’ असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली की तोच भाग पुन्हा विकत घ्यावा लागतो, आणि तो स्वस्त नसतो; त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. याच कारणाने, जुना कॅट खरोखर निकामी होऊन बदलावा लागला तर तो गॅरेजला फुकट सोडू नका, त्याची भंगाराची किंमत बिलातून वजा करून मागा. पुढे कधी हेडर बसवलेत तर विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून दावा अडला तर कुठलीही बचत त्याला पुरी पडत नाही.

आता बोनस. दुरुस्ती, म्हणजे कॅटच्या मागचा पाइप आणि सायलेन्सर, त्यात बसायला हवी. उरेल ते शिलकीत टाका. दोन महिन्यांची शिल्लक कमीच आहे, निदान चारपर्यंत न्या. घरात एकच पगार असेल तर सहा. कार्डाचं व्याज वर्षाला २४ टक्के धरलं तरी न फेडलेली रक्कम तीन वर्षांत दुप्पट होते. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणाले तर रोखीने किती सूट मिळते ते विचारा, व्याज बहुधा तिथेच लपलेलं असतं.

हौसेसाठी गाडीच्या नावाने वेगळं खातं काढा आणि दरमहा ठरावीक रक्कम टाका. त्यातून आधी ब्रेक, टायर, कूलंटचे होज, टायमिंग बेल्ट असेल तर तो. वर्षभराने हे सगळं होऊन पैसे उरले आणि हेडरची ओढही तेवढीच असली, तर खुशाल घ्या, मला विचारूही नका.

ही वाट मोकळी राहावी म्हणून कामाच्या वेळी एवढं सांगून ठेवा: नवा पाइप वेल्ड करून टाकू नका, फ्लँज (बोल्टने जोडायची कडी) किंवा क्लॅम्पने जोडा, म्हणजे उद्या पुढचा भाग बदलताना मागचा कापावा लागणार नाही. अंदाजपत्रकात माल आणि मजुरी वेगळी लिहून घ्या, आणि वर २५ टक्के हाताशी ठेवा, कारण २२ वर्षांचे गंजलेले स्टड (जोडाचे बोल्ट) सोडवताना तुटतात आणि ते काढण्याची मजुरी आधीच्या आकड्यात नसते. गाडी ताब्यात घेताना खाली वाकून पाइप चॅसीच्या खाली लोंबत नाही ना ते बघा, आणि कॅटभोवतीचे उष्णतारोधक पत्रे परत बसवलेत का तेही. ते नसतील आणि गाडी वाळक्या गवतावर उभी केलीत, तर आग लागू शकते.