अलार्म घ्या, पण आधी पॉलिसी उघडा

प्रश्न : खाली आमचं कापडाचं दुकान आणि गोदाम, वर राहतं घर. आगीचा अलार्म बसवायचा आहे. एक विक्रेता ॲड्रेसेबल यंत्रणा सुचवतोय, पाच वर्षांच्या देखभालीसकट. खर्च दुकानाच्या विम्याच्या वार्षिक हप्त्याच्या बारापट, पण हप्त्यात सवलत मिळून तीन-चार वर्षांत पैसे वसूल होतील म्हणतो. दुसरा साधी यंत्रणा निम्म्याहून कमी खर्चात देतोय. कोणती घ्यावी? विमा आठ वर्षांपूर्वी कर्ज घेताना काढला, हप्ता कधी चुकवलेला नाही. तेव्हापासून माल अडीचपट झाला आहे.

उत्तर : वसुलीचं आधी उरकू. सवलत १० टक्के धरा. तीही मिळेलच असं नाही. म्हणजे १२ हप्त्यांचा खर्च वसूल व्हायला १२० वर्षं. विक्रेत्याला भागाकार येत नाही, असं काही मला वाटत नाही. शिवाय सवलत घेतली की अलार्म चालू ठेवणं ही पॉलिसीची अट होऊ शकते. आगीच्या दिवशी पॅनलची, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीची, बॅटरी उतरलेली निघाली, तर दाव्यावर वाद ठरलेला.

मला खरी धास्ती बसली ती तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांनी. तेव्हा विमा पूर्ण मालाचा होता असं मानलं, तरी आज १०० च्या मालावर ४० चाच विमा आहे. समजा ५० चा माल गेला. कापडात हे सहज होतं. जे जळत नाही ते धुराने आणि विझवायच्या पाण्याने वाया जातं. तुम्ही म्हणाल, ४० तरी मिळतील. नाही मिळत. बहुतेक आगविम्यांत सरासरीचं कलम असतं : विमा जेवढा कमी, भरपाईही त्याच प्रमाणात कमी. ५० चे ४० टक्के, म्हणजे हातात २०. बाकीचे ३० तुमच्या खिशातून. हप्ता कधी चुकला नाही, याला विमा कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरच्या हिशेबात जागा नसते. कर्ज देणाऱ्याला त्याच्या कर्जापुरतं संरक्षण हवं होतं, ते त्याला मिळालं. पुढे विमा रक्कम वाढवा असं सांगण्यात त्याला काय रस?

रक्कम अडीचपट करा. हप्ताही साधारण अडीचपट होईल. म्हणजे वर्षाला दीड हप्ता जास्त. त्या महागड्या यंत्रणेच्या पैशांत हा वाढीव बोजा आठ वर्षं निघतो. गोदाम गच्च भरलेलं असतं तेव्हाचा आकडा धरा, आणि पॉलिसीच्या नूतनीकरणाची वाट बघू नका.

आता अलार्म. तो हवाच, कारण वर माणसं झोपतात. ॲड्रेसेबल पॅनल नेमका कुठला डिटेक्टर वाजला ते दाखवतो. अनेक मजल्यांच्या इमारतीत त्याचा उपयोग आहे. तुम्हाला दुकान, गोदाम, घर यांपैकी कुठल्या भागात वाजला एवढं कळलं तरी पुरे, म्हणजे साधी यंत्रणा. गोदामात फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने धूर ओळखणारे, डिटेक्टर घ्या, कारण कापड बराच वेळ नुसतं धुमसतं. स्वयंपाकघरात उष्णतेचा लावा. धुराचा लावला तर फोडणीला बोंबलेल आणि महिन्याभरात कोणीतरी तो काढून कपाटात ठेवेल. गोदामातला डिटेक्टर वाजला की झोपायच्या खोलीबाहेरचा भोंगा वाजलाच पाहिजे. हे बसवणाऱ्यासमोर दारं लावून तपासा, मग उरलेले पैसे द्या. धुराचे डिटेक्टर साधारण १० वर्षांनी बदलावे लागतात, ते खर्चात धरा. देखभालीचे पैसे वर्षाचे वर्षाला द्या, पाच वर्षांचे आगाऊ नकोत.