स्वर, सप्तक, थाट, राग, लय, ताल यांत फरक काय? आणि वाद्यांचे वर्ग कसे लक्षात ठेवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ठाण्यात राहतो. नऊ वर्षांच्या मुलीला पेटीच्या क्लासला घातलं आणि तिच्याबरोबर मीही बसायला लागलो. सर स्वर, सप्तक, थाट, राग, लय, ताल हे शब्द भराभर वापरतात. परीक्षेला वाद्यांचे प्रकारही आहेत. घरी कीबोर्डवर सारेगमचे स्टिकर लावून सराव करतो, पण सगळं डोक्यावरून जातंय. कुणी सोपं करून सांगेल का?"

आधी ते स्टिकर काढा. का, ते पुढे येईलच.

मीही ठाण्यातच, पाचपाखाडीत राहते. पेटी शिकायला लागले तेव्हा माझं वय ४४ होतं. क्लासमध्ये बाकी सगळी मुलं तुमच्या मुलीच्या वयाची होती, आणि व्याख्या त्यांना माझ्याआधी पाठ व्हायच्या. "रंजयति इति रागः" वगैरे ती घडाघडा म्हणायची. मला मात्र दोन वर्षांनी उमगलं की हे सगळे शब्द दोनच खुंट्यांना टांगलेले आहेत. सुरांकडचे सगळे शब्द 'सा'ला, आणि काळाकडचे सगळे शब्द 'सम'ला. त्या दोन सापडल्या की उरलेलं पाठ करावं लागत नाही.

सुरांपासून सुरू करते. गाण्यात वापरता येईल अशा ठरावीक उंचीच्या नादाला स्वर म्हणायचं. शुद्ध स्वर सात. त्यांतले रे, ग, ध, नी हे चार आपल्या जागेवरून थोडे खाली उतरतात, तेव्हा ते कोमल. एकटा म वर चढतो, तो तीव्र. सा आणि प हलत नाहीत, म्हणून ते अचल. सात, चार आणि एक मिळून बारा. पेटीवर एका सप्तकात मोजून बघा, सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बाराच पट्ट्या असतात. (२२ श्रुतींचं, म्हणजे याहूनही बारीक सूरभेदांचं प्रकरण या टप्प्यावर उघडू नका. सरांनी काढलंच तर मान डोलवा.)

सप्तक म्हणजे सा पासून नी पर्यंतचा एक जिना. पुढचा सा आला की तोच जिना वरच्या मजल्यावर पुन्हा सुरू. खालचा मंद्र, मधला मध्य, वरचा तार. कंपनसंख्या दर मजल्याला दुप्पट होते. पेटीच्या मधल्या भागातली पांढरी सहा (दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच आधीची पांढरी ती पांढरी एक, तिथून मोजत सहावी; काळ्याही तिथूनच मोजायच्या) सेकंदाला ४४० वेळा कंप पावत असेल, तर तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी सहा ८८० वेळा. इंग्रजी पद्धतीत याच अंतराला ऑक्टेव्ह म्हणतात आणि ते आठ धरतात, कारण ते वरचा सा पण मोजतात. भांडण तेवढंच.

आता स्टिकरकडे येऊ. बाजारात मिळणारे ते स्टिकर पांढऱ्या पट्ट्यांवर सा रे ग म असे ओळीने लावतात, म्हणजे सा कायमचा पांढरी एकवर खिळला. पाश्चात्त्य संगीतात सी, डी, ई ही नावं पट्टीलाच चिकटलेली असतात, तिथे ते चालतं. आपल्याकडे सा ही जागा नाही, ते नातं आहे. ज्या पट्टीला तुम्ही सा म्हणाल तिथून पुढचे सगळे मोजायचे. पुरुषांना साधारण काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास गायला बरं पडतं, बायकांना काळी चार, काळी पाच. तुम्ही काळी एकमध्ये गायला लागलात की रे काळी दोनवर जातो, ग थेट पांढरी चारवर, म, प, ध काळी तीन, चार, पाचवर आणि नी वरच्या पांढरी एकवर. तुमच्या स्टिकरवर त्या पांढरी एकला 'सा' लिहिलंय! डोळे एक वाचतात आणि कान दुसरंच ऐकतात. डोक्यावरून जाणार नाही तर काय होईल?

एक खेळ सांगते, आज रात्री मुलीला घेऊन करा. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढऱ्यांना हात लावायचा नाही. काळी तीनला सा धरून वर जा: काळी तीन, चार, पाच, मग वरची एक, दोन आणि पुन्हा तीन. सा रे ग प ध सा. हे भूपाचे स्वर, भूप म्हणजे एक राग. आता त्याच पट्ट्या, पण सुरुवात काळी पाचपासून आणि शेवटही वरच्या काळी पाचवर. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. हा मालकंस! काळी एकपासून सुरू केलंत तर सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. पट्ट्या त्याच पाच, एकही बदललेली नाही. फक्त घर बदललं आणि शेजारी असलेल्या सगळ्यांची नावं बदलली. हे करताना मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावा आणि दर वेळी त्याचा सा बदला. तो सा मागे घुमत असला तरच फरक अंगावर येतो, नाहीतर नुसत्या काळ्या पट्ट्या वाजल्यासारखं वाटतं. मला हे एका पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांनी भाता शिवताशिवता दाखवलं होतं. तोवर मी दोन वर्षं क्लासची फी भरलेली होती.

आता थाट आणि राग. मी वर "भूपाचे स्वर" म्हटलं, "भूप" म्हटलं नाही. कारण देशकार नावाच्या रागाचे स्वरही हेच पाच आहेत. भूपात मुक्काम गंधारावर, म्हणजे गवर, देशकारात धैवतावर, म्हणजे धवर. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. सामान तेच, पण चाल वेगळी. ज्या स्वरावर रागाचा सगळ्यात जास्त भर तो वादी, त्याला साथ देणारा दुसरा महत्त्वाचा तो संवादी. (तबल्याला आवळलेल्या चामड्याच्या पट्टीलाही वादीच म्हणतात, आणि कोर्टात दावा लावणारा तोही वादी. माझ्या भाच्याने मला विचारलं होतं, की मग संवादी म्हणजे समोरच्या पार्टीचा वकील का.) चढताना कोणते स्वर घ्यायचे तो आरोह, उतरताना कोणते तो अवरोह, आणि ज्या चारसहा स्वरांच्या तुकड्यावरून जाणकार राग ओळखतात ती पकड.

थाट हा राग नव्हे, तो गायचा नसतो. ते कपाटातले कप्पे आहेत. पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईतल्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. त्यांनी विखुरलेले राग दहा थाटांत बसवले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. थाटात सातही स्वर लागतात, राग पाचांवर भागतो. भूप कल्याणच्या कप्प्यात, दुर्गा बिलावलच्या, मालकंस भैरवीच्या. काही राग कप्प्यात नीट मावत नाहीत आणि त्यावरून आजही वाद होतात, पण परीक्षेत वाद घालू नका. वहीत लिहिताना भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मवर उभी रेघ, मंद्र स्वराच्या खाली टिंब, तार स्वराच्या वर टिंब. तुमचे सर पलुस्करांची पद्धत वापरत असतील तर खुणा वेगळ्या असतात, तेवढं विचारून घ्या.

आता दुसरी खुंटी.

लय आणि ताल यांतला फरक मला लोकलमध्ये कळला. कोथिंबीर चिरताना सुरीचा एकसारखा आवाज येतो ना, ती लय. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं, बस. संथ असेल तर विलंबित, बरी चाल असेल तर मध्य, घाई असेल तर द्रुत. पण त्यात "इथून सुरू झालं, इथे परत आलं" असं काही नसतं. मी सकाळी ज्या गाडीने दादरला जायचे तिच्या शेजारच्या पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळ असायचं. जाळीच्या पलीकडून टाळ आणि ढोलकी ऐकू यायची. एकजण नुसता डब्याचा पत्रा वाजवायचा, पण आठव्या मात्रेनंतर बरोब्बर पहिलीवर यायचा, मुलुंड आलं तरी चुकायचा नाही. धा गे ना ती, ना क धी ना. हा केरवा, आठ मात्रांचा. लयीला असं मोजून वर्तुळात बांधलं की ताल झाला. मोजायचं माप म्हणजे मात्रा, एक पूर्ण फेरी म्हणजे आवर्तन, आणि फेरी जिथून सुरू होते ती पहिली मात्रा म्हणजे सम. टीएमटीची बस स्टेशनवरून सुटते, गावभर हिंडते आणि स्टेशनलाच येते. मधले थांबे म्हणजे तालाचे खंड, आणि स्टेशन म्हणजे सम.

तीनताल १६ मात्रांचा, चारचार मात्रांचे चार खंड. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला हात बाजूला करायचा, ती खाली. त्या खंडात डग्ग्याचा घुमारा जातो, धिंचा तिं आणि धाचा ता होतो, कान लावा म्हणजे न मोजताही कळेल. दादरा सहाचा, रूपक सातचा, झपताल दहाचा, एकताल बाराचा. रूपक हा खोडकर ताल आहे, त्याची समच खाली आहे. गडकरी रंगायतनला मैफलीला गेलात तर गाणाऱ्याकडे बघूच नका, पुढच्या दोन रांगांतल्या माना बघा. ज्या क्षणी सगळ्या एकदम खाली येतात ती सम. मुलीला तिथे बसवून सम पकडायचा खेळ लावा, पुस्तकापेक्षा लवकर येईल.

वाद्यांच्या वर्गांबद्दल माझी फजिती सांगते. प्रवेशिकेच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, तुम्ही वाजवता ती पेटी कोणत्या वर्गातली? पट्ट्या डोळ्यांसमोर होत्या, पियानो डोक्यात होता. मी ठणकावून सांगितलं, "तत." मागे उभी असलेली दहा वर्षांची मुलगी फस्सकन हसली.

विचारायचं एवढंच असतं: थरथरतंय काय? तार थरथरत असेल तर तत. वारा असेल तर सुषिर. ताणलेलं कातडं असेल तर अवनद्ध. वाद्याचं अख्खं अंगच असेल तर घन. ही चौकट नाट्यशास्त्रातली, म्हणजे फार जुनी. १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि सॅक्स या दोन अभ्यासकांनी जगभरच्या वाद्यांसाठी जी वर्गवारी मांडली, तिचेही मूळ वर्ग हेच चार. तंबोरा, सतार, सारंगी, व्हायोलिन, तुणतुणं तत. बासरी, सनई, तुतारी, शंख सुषिर. तबला, पखवाज, ढोलकी, संबळ, हलगी अवनद्ध. टाळ, झांजा, चिपळ्या, घुंगरू, लेझीम घन. संतूर काड्यांनी वाजवतात म्हणून मुलं फसतात, पण थरथरतात तारा, म्हणून तत. जलतरंगात पाणी असलं तरी वाजतं भांडं, म्हणून घन.

आणि पेटी? तिच्या आत पितळी पात्या असतात, त्यांना सूर म्हणतात. भात्याचा वारा त्यांच्यावरून गेला की त्या कंप पावतात. पट्टी फक्त वाऱ्याची वाट उघडते. वाऱ्याशिवाय पाती वाजत नाही, म्हणून सुषिर, बासरीच्या नात्यातली. ती मूळची युरोपातली. ऑल इंडिया रेडिओने तिला १९४०पासून जवळजवळ तीन दशकं दाराबाहेर ठेवलं होतं. आक्षेप असा, की तिचे बारा सूर ठोकून बसवलेले, त्यांच्या मधल्या जागा नाहीत आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढता येत नाही. आक्षेप खरा आहे, तरी मला ती आवडते.

गुढीपाडव्याला कोपिनेश्वराच्या देवळापासून निघणारी स्वागतयात्रा बघायला जाल तेव्हा मुलीची तिथेच उजळणी घ्या. ढोल, ताशा, झांजा, लेझीम, शंख, तुतारी. तीन वर्ग भरभरून मिळतील. तत मात्र क्वचितच दिसेल, कारण तारेचा आवाज त्या गलक्यात कुणाच्या कानापर्यंत पोचणार? तेच देवीचा गोंधळ बघा. संबळ, झांज आणि तुणतुणं आहे, पण सुषिर नाही.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात तारवाद्यं, लाकडी फुंकवाद्यं, पितळी फुंकवाद्यं आणि आघातवाद्यं असे गट करतात. तिथे सॅक्सोफोन अंगाने पितळेचा असूनही लाकडी गटात जातो, कारण त्याच्या तोंडाशी वेताची पाती असते. हे प्रारंभिकला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, विचारत नाहीत. तुमचा कीबोर्ड जुन्या चारांत बसत नाही, इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी पुढे पाचवा वर्ग जोडला गेला.

कीबोर्डवर बोटं वळवायला हरकत नाही, पण परीक्षा पेटीची असेल तर डाव्या हाताला भात्याची सवय लागायला हवी, म्हणून सुरुवातीला पेटी भाड्याने मिळते का बघा. सरांकडून तुमची आणि मुलीची पट्टी वेगवेगळी काढून घ्या. नऊ वर्षांच्या मुलीला बाबांच्या काळी एकमध्ये गायला लावू नका, तिचा आवाज खाली पोचणार नाही आणि तिला वाटेल की आपल्याला गाता येत नाही.

स्टिकर निघाल्यावर डिंक चिकटून राहतो. फडक्याला खोबरेल तेलाचा थेंब लावून पुसा, निघतो. तेल पट्ट्यांच्या फटीत जाऊ देऊ नका.