जादूच्या वस्तू विकायला कुठे ठेवायच्या?

हे बघ, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा साहसाचा रोलप्लेइंग खेळ चालवताना पहिल्याच खेड्यात ‘जादूचं दुकान’ उघडू नकोस. खेळाडू कॉलेज रोडला खरेदीला आल्यासारखे यादी मागतात आणि अख्खं सेशन, म्हणजे खेळाची अख्खी बैठक, हिशेबात जातं.

आधी गावाची ऐपत ठरव. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या पहिल्या आवृत्तीतला नियम बिनधास्त उचल: खेड्याची मर्यादा 500 सुवर्णनाणी, महानगराची 16,000. त्या किमतीच्या आतली वस्तू मिळण्याची शक्यता 75 टक्के. नाही मिळाली तर खेळातल्या आठवड्याने पुन्हा फासा टाक. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाच्या 2014 च्या नियमांत रेअर, म्हणजे दुर्मिळ, वस्तूचा भाव 501 ते 5,000 नाण्यांमध्ये कुठेही. एवढ्या मोठ्या पट्ट्यात नेमका भाव तुलाच काढावा लागतो, म्हणून तो आधीच लिहून ठेव.

खरी मजा मात्र वस्तू कोणाकडे आहे यात. हीलिंग पोशन (जखमा भरणारं जादूचं औषध) 50 नाण्यांना देवळात मिळू दे, पुजाऱ्याचा मेणाचा शिक्का मारलेलं. +1 तलवार (वाराच्या फाशात एकाची भर घालणारी जादूची तलवार) सराफाकडे गहाण पडलेली असू दे: मुठीचं चामडं उसवलेलं, पातं मात्र कोरं करकरीत. सराफ मोड म्हणून विकणार होता, पण गिऱ्हाइकाचे डोळे चमकलेले दिसले की भाव चढलाच! आपल्या सराफ बाजारात एक चक्कर मार, घासाघीस कशी रंगवायची ते आपोआप कळेल.

तीन-चार वस्तू पुरे. एखादी आधीच विकली गेलेली ठेव, कोणी नेली तेही ठरव. पुढच्या रविवारचं साहस तिथूनच निघतं.