हंगाम नोव्हेंबरात, पण लायसन्स ऑगस्टमध्येच संपलं

टेक्सासमधून एका वाचकाचं पत्र आलं आहे. एच-वन-बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा, आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. गेल्या हंगामात मित्राच्या रँचवर हरणाच्या शिकारीला गेले, .३०८ विंचेस्टर रायफल घेतली. या उन्हाळ्यात गॅरेजात रीलोडिंगचा, म्हणजे घरी काडतूस भरण्याचा, प्रेस बसवला आणि आता काडतुसं स्वतःच भरतात. प्रश्न असा: व्हाइटटेल हरणासाठी १५० ग्रेन वजनाची गोळी भरू की १६५ची, आणि घरी भरलेली काडतुसं शिकारीला कायद्याने चालतात का? पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, "यंदाचं हंटिंग लायसन्स अजून काढलेलं नाही, सीझन नोव्हेंबरात आहे, तेव्हा काढेन."

असं पत्र दर ऑक्टोबरात येतं. गोळीच्या वजनावर दोन पानं आणि लायसन्सवर एक ओळ. माझं बहुतेक उत्तर त्या एका ओळीला आहे.

तुमच्या मित्रासाठी, तो अमेरिकन नागरिक आहे म्हणून, हंटिंग लायसन्स म्हणजे शिकार करण्याची परवानगी. ते संपलं तर त्याला शिकारीला जाता येत नाही, एवढंच. तुमच्यासाठी तेच लायसन्स म्हणजे स्वतःच्या घरात रायफल ठेवण्याचा आधार आहे. फेडरल कायद्याचं कलम ९२२ (जी)(५)(बी) सांगतं की नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही. त्याला अपवाद मोजके आहेत. तुम्हाला लागू पडणारा एकच, कलम ९२२ (वाय)(२) मधला: अमेरिकेत रीतसर दिलेलं हंटिंग लायसन्स जवळ असणं. नियमांत स्पष्ट लिहिलंय की ते चालू, मुदत न संपलेलं हवं. टेक्सासचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. म्हणजे १ सप्टेंबरपासून तुमचा अपवाद संपला आणि रायफल मात्र कपाटातच आहे. आय-१४० मंजूर झाल्याने यात काही बदलत नाही. रांग कितीही वर्षं चालो, आणि ती लाजिरवाणी लांब आहे, तोवर तुम्ही कायद्याच्या नजरेत नॉन-इमिग्रंटच.

"रायफल मित्राकडेच ठेवतो, घरी फक्त रीलोडिंगचं सामान आहे," असंही कित्येक जण कळवतात. त्याने सुटका होत नाही. कलम ९२१ मधली काडतुसाची व्याख्या वाचा. तयार काडतूस तर तिच्यात आहेच, पण बंदुकीसाठी बनवलेली पुंगळी, प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), गोळी आणि बंदुकीची दारू यांतली प्रत्येक वस्तू सुटीसुद्धा 'काडतूस'च धरली जाते. नेमबाजीच्या रेंजवरून वेचून आणलेल्या रिकाम्या पुंगळ्यांचा डबासुद्धा. नुसता प्रेस त्यात येत नाही, पण प्रेसशेजारच्या फळीवरचं जवळपास सगळं येतं.

२०२२च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. इमिग्रेशन कायद्यात तो 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी', म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या, यादीत मोडतो. दोषी ठरलात तर ग्रीन कार्ड विसरा आणि हद्दपारीची तयारी ठेवा. रेहाइफ खटल्यात २०१९ साली अमेरिकन सुप्रीम कोर्टाने ठरवलं की आरोपीला आपला इमिग्रेशन दर्जा माहीत होता हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. तो आरोपी विद्यार्थी व्हिसावर आला होता आणि कॉलेजातून काढल्यावर रेंजवर गोळ्या झाडून बसला. तुम्हाला या निकालाचा फारसा उपयोग नाही. आपण एच-वन-बीवर आहोत हे तुम्ही स्वतःच मला लिहिलंय.

खटला होईलच असं मी म्हणत नाही. पण लायसन्स आजच्या आज काढा, रात्रीवर टाकू नका. ते हातात येईपर्यंत रेंजवर जाऊ नका, काही विकत घेऊ नका, एकही काडतूस भरू नका. पुढच्या वर्षी नवं लायसन्स ऑगस्टमध्येच घ्या. नव्या लायसन्सने मधले आठवडे मात्र पुसले जात नाहीत. ग्रीन कार्डाच्या आय-४८५ अर्जात, अटक झाली नसली तरी कधी गुन्हा केला आहे का, असा प्रश्न असतो. त्याचं उत्तर फौजदारी आणि इमिग्रेशन अशा दोन्ही वकिलांना विचारल्याशिवाय लिहू नका. खोटं तर मुळीच नको. आणि या आठवड्यांबद्दल मित्रांशी ईमेल-व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा करणं आता थांबवा.

पत्नी एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे असंही तुम्ही लिहिलंय. त्यांच्याकडे लायसन्स नाही, पण कपाटाची किल्ली आहे का? वस्तू हाताळता येण्याजोगी ताब्यात असणं हाही ताबाच ठरू शकतो. किल्ली आणि कोड फक्त तुमच्याकडे ठेवा, नाहीतर त्यांनीही हंटर एज्युकेशन करून लायसन्स काढावं.

आता तुमचा मूळ प्रश्न. टेक्सासमध्ये हरणासाठी रिमफायर (पुंगळीच्या कडेवर आघात होऊन पेटणारं काडतूस) चालत नाही, सेंटरफायर (मधल्या प्रायमरवर पेटणारं) चालतं; तुमचं .३०८ सेंटरफायरच. काडतूस कारखान्यात भरलं की घरी, याने तिथे फरक पडत नाही. त्यामुळे १५० असो वा १६५, कायद्याची हरकत नाही. काडतुसात दारू किती घालायची ते लोडिंग मॅन्युअलवरून ठरवा, मित्राच्या आठवणीवरून नको. स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकण्याचा धंदा केलात तर लागतो. मित्रांकडून 'सामानाचे पैसे' घेऊन त्यांना भरून देऊ नका. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथले नियम पुन्हा पाहा. कोलोरॅडोत हरणासाठी निदान ७० ग्रेनची, फुलणारी गोळी लागते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, म्हणून तिथे घरी भरलेली काडतुसं नेताना गोळ्यांचं मूळ खोकं बरोबर असलेलं बरं.

डिसेंबरात पुण्याला जाताय, म्हणून एवढं आणखी. सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे भारताच्या सुप्रीम कोर्टाने गुणवंतलाल खटल्यात १९७२ सालीच सांगितलंय, आणि चुकून राहिलेल्या काडतुसाचे गुन्हे हायकोर्टं रद्दही करतात. पण तारखा पडत राहतात, रजा संपते आणि परतीचं तिकीट वाया जातं. पन्नास वर्षांपूर्वी सुटलेल्या प्रश्नासाठी माणसाला आजही महिनोन्‌महिने ताटकळावं लागतं, याची मला चीड येते. रेंजवर नेलेली बॅग किंवा जॅकेट भारतात नेऊच नका.