द्रुतातली तान फाटते, त्याला अँप्लिफायर काय करणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : एलपी १२० एक्स रेकॉर्ड प्लेअर, त्यासोबत आलेलं एटी-व्हीएम ९५ ई कार्ट्रिज (सुई धरणारा, तिच्या थरथरीची वीज करणारा तुकडा), आजोबांच्या शंभरेक तबकड्या (बहुतेक ख्याल आणि नाट्यगीतं), दहा बाय चौदाची खोली, ८६ डेसिबलवाले छोटे स्पीकर, चाळीस हजारांचं बजेट. विलंबित छान वाजतो, द्रुतात ताना फाटतात. दुकानदार म्हणतो, व्हॉल्व्हवाला (काचेच्या नळ्यांचा) फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल अँप्लिफायरजोगा करणारा डबा, आणि १०० वॅटचा अँप्लिफायर घ्या.

पैसे काढण्याआधी एक करून बघा. जिच्या एका बाजूला दोन-तीन नाट्यगीतं आहेत अशी तबकडी लावा. काठाजवळचं पहिलं गाणं स्वच्छ आणि लेबलाजवळचं शेवटचं खरखरीत वाजलं, तर दोष फोनो स्टेजचा नाही. सुई काठाला आहे की लेबलाजवळ, हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार?

होतं असं की तबकडी मिनिटाला सव्वातेहतीसच फेरे घेते (नेमकं सांगायचं तर ३३⅓), पण बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच जाते आणि आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच सेकंदाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. वळणं बारीक होतात आणि साध्या सुईला ती नीट वळत नाहीत. आता आपल्या ख्यालाची एलपी आठवा. बडा ख्याल बाहेर, द्रुत आत, आणि ताना अगदी शेवटी. म्हणजे गायक जिथे सगळं पणाला लावतो, नेमकी तिथेच तबकडी सर्वांत दुबळी. मी स्वतः या दुखण्यावर दोन फोनो स्टेज बदलले, एका दुकानदाराच्या सांगण्यावरून. ताना फाटायच्या त्या फाटतच राहिल्या.

तेव्हा आधी कार्ट्रिजचा कोन प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या रेघांच्या पट्टीवर) तपासा, तबकडीवर पडणारं सुईचं वजन २ ग्रॅम ठेवा, सुई ब्रशने साफ करा. तुमच्या कार्ट्रिजची सोय अशी की अंग तेच ठेवून नुसती सुई बदलता येते. ई म्हणजे लंबगोल टोकाची सुई. त्याच अंगावर मायक्रोलाइन, म्हणजे आणखी बारीक कडेच्या टोकाची एमएल सुई बसते आणि आतल्या खाचांत ती फार फरक पाडते. माझ्या मते तुमच्या बजेटमधला पहिला पैसा तिथे जावा. मात्र एखादी तबकडी आधीच्या मालकाने बोथट, जड सुईवर झिजवली असेल, तर तिला इलाज नाही.

आता फोनो स्टेज. खाच कोरताना खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. फोनो स्टेज ते उलटं करून मूळपदावर आणतो. १९५४ पासूनचं हे आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) प्रमाण. शिवाय तुमच्या कार्ट्रिजमधून जेमतेम ४ मिलिव्होल्ट येतात, ते शंभर पट, म्हणजे ४० डेसिबल, वाढवले की ४०० मिलिव्होल्ट झाले. कुठल्याही अँप्लिफायरला पुरे. डेनॉनच्या डीएल-१०३ सारख्या मूव्हिंग कॉइल (एमसी) जातीच्या कार्ट्रिजला, जिथे ०.३ मिलिव्होल्टच येतात, ६० डेसिबल लागतात. ते तुमच्याकडे नाही, मग एमसीच्या सोयीचे पैसे कशाला मोजायचे?

त्यापेक्षा दोन गोष्टी विचारा. पहिली कपॅसिटन्स, म्हणजे केबल आणि फोनो स्टेज मिळून कार्ट्रिजवर टाकतात तो विजेचा भार, पिकोफॅरडमध्ये मोजलेला. तुमच्या कार्ट्रिजला केबल धरून १०० ते २०० पिकोफॅरड चालतात. केबलच मीटरला शंभराच्या आसपास खाते; वर फोनो स्टेजमध्ये २२० असतील तर वरचे सूर टोचायला लागतात. ओळखायचं कसं? तंबोऱ्यावरून. जवारीची मऊ झिलई जाऊन तारेवर पत्रा घासल्यासारखं वाटलं की समजा. दुसरी गोष्ट ओव्हरलोड मार्जिन, म्हणजे नेहमीपेक्षा मोठा सिग्नल न फाटता पेलायची ताकद. जुन्या तबकडीवरचा ओरखडा क्षणभर मोठा झटका देतो. मार्जिन कमी असलेला स्टेज त्यात गुदमरतो आणि 'टिक'चा 'टाक' होतो. आपल्यासारख्या जुना माल वाजवणाऱ्यांना व्हॉल्व्हच्या गोडव्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

आणि हम, म्हणजे स्पीकरमधली विजेची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि नेमकं तिथे फोनो स्टेज मधल्या सुरांपेक्षा सुमारे १७ डेसिबल जास्त उचल देतो. त्यामुळे प्लेअरची हिरवी अर्थ वायर स्क्रूखाली घट्ट हवी आणि फोनो स्टेज अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवायचा नाही. माझी तीन महिन्यांची गुणगुण तो दोन फूट बाजूला सरकवल्यावर गेली. हम जावा म्हणून तीन पिनी प्लगची अर्थ पिन कुणी काढायला सांगितली, तर ऐकू नका.

वॅटचं गणित सोपं आहे. ८६ डेसिबलचे (म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणारे) दोन स्पीकर, तुम्ही तीन मीटरवर. एका वॅटला कानाशी साधारण ८० डेसिबल पोचतात. तबल्याच्या थापेला वर १५ डेसिबल ठेवले तरी तीसेक वॅट झाले. ५० चे १०० केल्याने वाढतात ३ डेसिबल. शेजाऱ्यांनाही फारसा फरक कळणार नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर फोनो इनपुट असलेला इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात असलेला) अँप्लिफायर घेतला असता : डेनॉनचा पीएमए-६००एनई (४५ वॅट) किंवा यामाहाचा ए-एस ३०१ (६० वॅट). दोन्हींत एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, तुमच्या कार्ट्रिजची जात) फोनो स्टेज आतच आहे. वेगळा डबा नको, जादा केबल नको. फक्त प्लेअरच्या मागचा स्विच 'फोनो'वर करा. तो 'लाइन'वर राहिला आणि वायर फोनो इनपुटात गेली, तर आवाज दोनदा वाढून सगळंच फाटेल, आणि तुम्ही पुन्हा सुईला दोष द्याल.

तुमचा न्यू जर्सीचा भाऊ त्याचा अँप्लिफायर आणतो म्हणतोय, तर तो १२० व्होल्टचा असेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालून जाईल. प्लेअर मात्र तिकडून मागवताना जपून. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरवाल्यांची गती हर्ट्झवर ठरते आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ६० चा प्लेअर ५० वर लावला की ३३⅓ चे पावणेअठ्ठावीस होतात. आमच्या मामांनी आणलेल्या असल्या प्लेअरवर काळी एक पट्टीत गाणारी बाई खालच्या काळी पाचमध्ये गायला लागली होती, आणि घरात दोन दिवस कुणाला कळलं नाही; सगळे म्हणाले, काय घनगंभीर आवाज आहे!

आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांना ही सुई लावू नका. त्यांची खाच रुंद असते, त्यांना ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. तुमच्याच कार्ट्रिजच्या अंगावर बसणारी तशी एसपी सुई मिळते. ती येईपर्यंत त्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका.