दोन खाजगी रिपॉझिटरींमधून पॅकेजेस घेताना
नागपूरच्या मिहानमधल्या नव्या नोकरीत पायथनची पॅकेजेस (तयार कोडचे संच) दोन खाजगी रिपॉझिटरींमधून (पॅकेजेसच्या साठ्यांतून) घ्यावी लागणार असतील, तर पिपचा (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाचा) 'एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल' हा जादा रिपॉझिटरी जोडण्याचा पर्याय वापरण्याआधी एवढे ध्यानात घ्या की पिप रिपॉझिटरींमध्ये अग्रक्रम मानत नाही; ते सगळीकडे शोधून सर्वांत वरची आवृत्ती उचलते, त्यामुळे तुमच्या अंतर्गत पॅकेजच्या नावाने कोणी पायपीआयवर (पायथनच्या सार्वजनिक रिपॉझिटरीवर) वरच्या क्रमांकाचे पॅकेज टाकले, तर तेच निमूट बसवले जाते. याच मार्गाने मोठमोठ्या कंपन्यांत शिरकाव करून दाखवल्याचे सुरक्षा संशोधक अ‍ॅलेक्स बिरसन यांनी २०२१ मध्ये जाहीर केले होते. माझ्या मते सर्व स्रोत एकाच प्रॉक्सीमागे (मधल्या सर्व्हरमागे) आणावेत आणि अंतर्गत नावे त्या प्रॉक्सीला बाहेर शोधू देऊ नयेत. ते जमत नसेल, तर यूव्हीमध्ये (पिपऐवजी वापरता येणाऱ्या साधनात) प्रत्येक पॅकेजचा स्रोत नावानिशी ठरवता येतो. खाजगी रिपॉझिटरीत प्रवेश देणारे गुप्त टोकन मात्र रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) कधीही लिहू नका.