किलीमांजारोला दिवस वाचवू नकोस

कळसूबाई दोन तासांत चढतोस म्हणून पाच दिवसांचं पॅकेज घेऊ नकोस. कळसूबाई १६४६ मीटर, किलीमांजारोचा माथा, उहुरू शिखर, ५८९५. तिथे पाय नाही, हवा दगा देते.

मारांगूच्या वाटेवर झोपायला लाकडी झोपड्या आहेत, पण मला विचारशील तर लेमोशोच्या वाटेने आठ दिवस घे. त्या वाटेवर लाव्हा टॉवरला ४६०० मीटरपर्यंत चढवतात आणि झोपायला पुन्हा खाली, बारांको कॅम्पला ३९०० च्या आसपास आणतात. कमावलेलं सगळं घालवल्यासारखं वाटतं, चिडचिड होते. पण विरळ हवेची सवय अंगाला तिथेच लागते.

गाइड दिवसभर 'पोले पोले' म्हणेल, म्हणजे हळूहळू. पहिल्या दिवशी मी ऐकलं नाही (सह्याद्रीची खुमखुमी!), संध्याकाळी डोकं धरून बसलो, सूपसुद्धा उतरेना.

बाराफू कॅम्पवरून शेवटची चढाई मध्यरात्री सुरू होते. हायड्रेशन पाइपमधलं पाणी गोठतं, म्हणून बाटली लोकरी मोज्यात घालून उलटी ठेव. बर्फ वरून धरतो, बूच मोकळं राहतं. हेडटॉर्चचे सेल आतल्या खिशात. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांग. आणि पोर्टरच्या टिपचे पैसे निघतानाच वेगळे काढ.